पाकिटावरची खूण आणि आपली पिशवी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेला बाहेरून कोणी जाणत्या बाई बोलवाव्यात, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा ठरलेल्या पाहुण्यांना ऐनवेळी अडचण आली आणि चिटणीसबाईंनी मला उभे केले. मी काही मोठी वक्ती नव्हे. आयुष्यभर शाळेत गृहविज्ञान शिकविले. मुलींपुढे बोलण्याची सवय आहे, पण त्यांच्या आयांपुढे आणि सासवांपुढे बोलावयाचे म्हणजे जरा अवघडच वाटते. "विषय कोणता घेऊ?" असे विचारले तेव्हा अध्यक्षबाई हसून म्हणाल्या, "हल्ली तुम्ही जिच्या-तिच्या पिशवीत डोकावता, त्यावरच बोला की!"

त्यांचे म्हणणे खरे आहे. गेले काही महिने मला ही खोड लागली आहे. ज्यांच्या पिशव्यांत मी डोकावले त्यांची प्रथम क्षमा मागते, आणि ही खोड का लागली ते सांगते.

माझी धाकटी जाऊ आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक आहे. आपल्या पापडाच्या कामात ती कित्येक वर्षे होती, आणि तिच्यासारखा पातळ, गोल पापड लाटणारी दुसरी कोणी नव्हती. चार वर्षांपूर्वी तिला रक्तदाबाचा विकार निघाला. डॉक्टरांनी मीठ कमी करावयास सांगितले, आणि तिने ते व्रतासारखे पाळले. लोणचे सोडले, पापड सोडला, पानात मीठ वाढून घेणे बंद केले. तरी दाब उतरेना. मला म्हणायची, "वहिनी, आता आणखी काय सोडू? पाणी तेवढं राहिलंय."

दुपारच्या चहाबरोबर ती खारी बिस्किटे खाई, आणि रात्री कंटाळा आला की पाकिटातले सूप करून घेई. पुड्यावर गव्हाची सुंदर लोंबी आणि शेजारी लाल हृदयाचे चित्र. ते चित्र पाहून तिने तो पुडा हृदयाला बरा म्हणूनच घेतला होता. गेल्या माघात तिला अर्धांगाचा झटका आला. देवाची कृपा म्हणून जीव वाचला, बोलणे परत आले. पण डाव्या हाताची पकड आली नाही. लाटणे हातून सुटले ते सुटलेच.

बिस्किटांनी हे झाले असे मी म्हणत नाही. डॉक्टरही तसे म्हणाले नाहीत. अशा आजाराला कारणे अनेक असतात. पण ती रुग्णालयात असताना मी तिचे फडताळ आवरावयास घेतले आणि भिंग लावून त्या पुड्यांची मागची बाजू वाचली. तेथे बारीक इंग्रजी अक्षरांत सोडियमचा आकडा होता. सोडियमचा आकडा अडीचने गुणला म्हणजे मिठाचा आकडा येतो. समजा, शंभर ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर तेवढ्या बिस्किटांत दोन ग्रॅम मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. भाजी, आमटी, भाकरी, चटणी सगळे धरून! शिवाय बिस्किटांत आणि खारीत जो सोडा पडतो त्यातही सोडियम असतेच. जीभ त्याला खारट म्हणत नाही, पण रक्तदाबाला ते कळते.

मैत्रिणींनो, मी गृहविज्ञान शिकविलेली बाई. मला भिंग लागले, गुणाकार करावा लागला, आणि तो करण्यास जाऊ रुग्णालयात असावी लागली. मग वाण्याच्या दुकानात, कडेवर मूल, हातात पिशवी, मागे गिऱ्हाइके उभी, अशा वेळी हे गणित कोणी करावे?

ह्यावर जगात उपाय निघाला आहे तो असा की, पाकिटाच्या मागे आकडे असोत. परंतु पुढच्या बाजूला, एका दृष्टीत कळेल अशी खूण असावी. ती खूण कोणती असावी, आणि ती पाहून माणसे खरोखर वेगळे काही घेतात की नाही, ह्यावर आता देशोदेशी संशोधन होत आहे. माझ्या भाचीने मला ते लेख काढून दिले. त्यांतून मला जे समजले ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे, आणि शेवटी एक प्रस्तावही ठेवावयाचा आहे.

खूण म्हणजे काय ते आपल्याला परकीयांकडून शिकावयाला नको. चौकोनातला हिरवा ठिपका पाहा. ह्या शतकाच्या आरंभापासून तो आपल्या पाकिटांवर आहे, आणि एकही अक्षर न येणारी आजीदेखील पुडा हातात घेताच तो शोधते. मांसाहारी पदार्थासाठी पूर्वी तपकिरी ठिपका होता; काही लोकांना हिरवा आणि तपकिरी रंग वेगळे ओळखता येत नाहीत, हे ध्यानात घेऊन २०२० सालच्या नियमांत त्या जागी तपकिरी त्रिकोण आणला. केवढी साधी गोष्ट! पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार केला म्हणजे खूण सुधारते, हे त्यात दिसते.

आता त्याच हिरव्या ठिपक्याची दुसरी बाजू. आमच्या शेजारच्या सूनबाई मुलाच्या डब्यात रोज तळलेल्या चकत्यांचे पाकीट देत. मी हटकले तर म्हणाल्या, "काकू, हिरवा ठिपका आहे की त्यावर!" त्यांना वाटे, हिरवा म्हणजे चांगला. वास्तविक तो ठिपका एवढेच सांगतो की पदार्थ शाकाहारी आहे. साखरही शाकाहारी, मीठही शाकाहारी, वनस्पती तूपही शाकाहारी. खूण जे सांगते ते वेगळे, आणि पाहणारी तिच्यातून जे घेते ते वेगळे, हे मला तेव्हा प्रथम कळले. संशोधनाचा उगम येथेच आहे.

निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या खुणा काढल्या. स्वीडनने १९८९ साली हिरवे कुलपाचे भोक काढले. एकाच जातीच्या पदार्थांत ज्यात मीठ, साखर, स्निग्धांश कमी आणि तंतू अधिक, त्यालाच ते मिळावयाचे. म्हणजे शाबासकीची खूण. ज्याला ती मिळाली नाही त्याबद्दल मौन. ब्रिटनने रस्त्यावरचे दिवे घेतले: साखर, मीठ, स्निग्धांश ह्या प्रत्येकापुढे लाल, पिवळा किंवा हिरवा. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ह्यांनी २०१४ साली तारे दिले, अर्ध्यापासून पाचापर्यंत. फ्रान्सने २०१७ साली पाच रंगांची पाच अक्षरे घेतली. हिरवे पहिले अक्षर उत्तम, लाल शेवटचे अक्षर सर्वांत खालचे. आणि दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने २०१६ साली सरळ काळा अष्टकोन छापावयास लावला. आत पांढऱ्या अक्षरांत 'साखर जास्त', 'सोडियम जास्त', 'उष्मांक जास्त', 'संपृक्त चरबी जास्त'. चारही दोष असतील तर चार अष्टकोन.

आता आपण म्हणाल, ह्यांतली कोणती बरी ते बायकांना विचारावे, झाले! येथेच मोठी गंमत आहे. तुमच्या घरी आरोग्य खात्याची बाई वही घेऊन आली आणि तिने विचारले, "पाकिटावर 'साखर जास्त' असे लिहिले असेल तर तुम्ही ते घ्याल का?" तर आपल्यापैकी कोण म्हणेल, "हो, घेईन की"? पाहुण्या बाईपुढे आपण सगळ्याच शहाण्या असतो. त्याच संध्याकाळी नातू पायाशी लोळण घेतो आणि आपण तोच पुडा काढून देतो. हा खोटेपणा नव्हे. विचारल्यावर आपण आपल्या इच्छेचे उत्तर देतो, दुकानात आपण आपल्या दिवसाचे उत्तर देतो. म्हणून ह्या विषयात संशोधन करणारे लोक नुसते विचारून थांबत नाहीत. ते लोकांना दोन पाकिटे दाखवून निवडावयास लावतात. डोळा पाकिटावर कोठे किती वेळ थांबला ते यंत्राने टिपतात. खोटे दुकान मांडतात. आणि शेवटी खऱ्या दुकानातली खरी बिले तपासतात.

दुसरी गोष्ट तुलनेची. आमटीत नवा मसाला घातला आणि सर्वांनी दोनदा घेतली, तर ते मसाल्यामुळे, की आज सगळे भुकेले होते म्हणून? हे कळावयास थोडी आमटी बिनमसाल्याची बाजूला ठेवावी लागते, आणि कोणाला कोणती वाढावयाची ते आपल्या मर्जीने न ठरविता चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते. नाहीतर लाडक्या मुलाला आपण आपोआप नवी आमटी वाढतो. संशोधनातला 'प्रयोग' म्हणजे मुळात एवढेच.

असा एक प्रयोग आपल्याच देशात झाला. मुंबईच्या देवनार भागात आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर तो केला आणि २०२२ साली प्रसिद्ध केला. सहा राज्यांतली १८ ते ६० वर्षे वयाची २८६९ माणसे घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे पाच गट केले. एका गटाला पाकिटावर काळा अष्टकोन दाखविला, दुसऱ्याला तारे, तिसऱ्याला दिवे, चौथ्याला रोजच्या प्रमाणाचे आकडे. पाचव्या गटाला काय दाखविले असेल? दुकानदार यंत्राने वाचतो त्या काळ्या उभ्या रेघा! पाकिटावर नवे काहीतरी आहे एवढ्यानेच कोणी बिचकू नये, आणि सर्व गटांत तेवढे सारखे राहावे म्हणून ही युक्ती. मला ती फार आवडली.

निष्कर्ष असा निघाला. नुसत्या रेघा पाहणाऱ्या गटात शंभरातल्या ३९ जणांनाच सगळी जास्त मिठाची, जास्त साखरेची, जास्त चरबीची पाकिटे बरोबर ओळखता आली. तारे पाहणाऱ्यांत ४५ जणांना. दिवे आणि आकडे ह्यांच्या गटांत सुमारे ५५ जणांना. आणि काळा अष्टकोन पाहणाऱ्यांत जवळजवळ ६१ जणांना. म्हणजे समजण्याच्या कामी इशाऱ्याची खूण सर्वांत पुढे. ह्याचे कारण समजण्यासारखे आहे. तारे देताना वाईटातून चांगले वजा करतात. मीठ पुष्कळ असले तरी तंतू किंवा प्रथिने असली की तारा वाढू शकतो. माझ्या जावेला सरासरी नको होती. तिला एकच गोष्ट हवी होती, ह्यात मीठ जास्त आहे की नाही! आणि आपला स्वभावही तसाच आहे. ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की, दिव्यांच्या खुणा पाहून निवड करताना लोक हिरवा मिळविण्यापेक्षा लाल टाळण्याला अधिक महत्त्व देतात.

पण त्या भारतीय प्रयोगातली दुसरी गोष्ट मला अधिक विचार करावयास लावते. 'हे तुम्ही विकत घ्याल का?' ह्या प्रश्नाच्या उत्तरात कोणत्याही खुणेने घट झाली नाही. समजले अधिक लोकांना, पण घ्यावयाचा विचार तेवढाच राहिला! संशोधकांनी हे लपविले नाही, हे त्यांचे मोठेपण.

फ्रान्समध्ये २०१६ सालच्या हिवाळ्याआधी ह्याहून मोठा प्रयोग झाला. साठ खऱ्या सुपरमार्केटांत, १२६६ पदार्थांवर, सुमारे १९ लाख खुणा चिकटविल्या. चार प्रकारच्या खुणा वेगवेगळ्या दुकानांत, आणि काही दुकाने तुलनेसाठी बिनखुणेची. मग साडेसोळा लाखांवर खरेद्या तपासल्या. प्रयोगशाळेत अशा खुणांचा जो परिणाम दिसतो, त्याच्या मानाने खऱ्या दुकानातला परिणाम सरासरी सतरा पटींनी लहान निघाला. सतरा पटींनी! सर्वांत चांगली ठरली ती पाच अक्षरांची खूण. तिच्यामुळे त्या-त्या जातीतल्या चांगल्या पदार्थांची खरेदी १४ टक्क्यांनी वाढली. पण मध्यम आणि वाईट पदार्थांची खरेदी काही हलली नाही.

मग खुणा व्यर्थ आहेत काय? असे म्हणून हात झटकणे सोपे आहे, आणि पाकीटवाल्यांना ते आवडेलही. म्हणून चिलीकडे वळते. तेथे कायदा २०१२ साली संमत झाला आणि जून २०१६ पासून लागू झाला. नुसती खूण लावली नाही. ज्याच्यावर अष्टकोन त्याच्या पाकिटावर मुलांना भुलविणारी कार्टूनची चित्रे नकोत, मुलांसाठी जाहिरात नको, आणि शाळेत विक्री नको, असेही सांगितले. संशोधकांनी कुटुंबांच्या खऱ्या खरेदीचा हिशेब पाहिला. कायदा नसता तर जी झाली असती असा अंदाज, त्याच्या मानाने अष्टकोनवाल्या पेयांची खरेदी पहिल्या दीड वर्षात सुमारे २४ टक्क्यांनी उतरली. सर्व श्रेय एकट्या खुणेचे म्हणता येत नाही, कारण तिन्ही-चारही गोष्टी एकाच वेळी झाल्या. आणखी एक झाले. अष्टकोन टाळावा म्हणून कित्येक कारखानदारांनी आपल्या मालातली साखर आणि मीठ कमी केले. म्हणजे जी बाई खूण वाचीतही नाही, तिच्या घरीसुद्धा थोडे कमी मीठ गेले.

त्याच देशात सांतियागो शहरी संशोधकांनी लहान मुलांच्या आयांना दहा-दहा जणींच्या आसपासच्या गटांनी बसवून मनमोकळे बोलते केले. आया म्हणाल्या की, खुणा आम्हांला कळतात. पण घरात बदल घडविण्यास पुढे झाली ती मुले, त्यांतही लहान मुले! शाळेत ऐकून आलेली मुलेच काळी खूण दाखवून नको म्हणू लागली. आपल्याकडे मूल पुड्यासाठी लोळण घेते, तेथे मूल पुडा परत ठेवावयास सांगते. खूण तीच, पण घरातले वारे बदलले.

ह्या सर्वांतून मी जे शिकले ते असे. खूण समजणे ही पहिली पायरी आहे, आणि ती खुणेच्या आकारावर, रंगावर, भाषेवर अवलंबून आहे. समजलेले पिशवीत उतरणे ही दुसरी पायरी आहे. ती एकट्या बाईच्या निश्चयावर अवलंबून ठेवली तर फार थोडे घडते. तिच्या पाठीशी शाळा हवी, दुकानदार हवा, घरची माणसे हवीत, आणि कायदाही हवा. "बायकांनी वाचून घ्यावे" असे म्हणून जो मोकळा होतो, त्याने ती सतरा पटींची गोष्ट ऐकलेली नाही.

आपल्या देशात सप्टेंबर २०२२ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ताऱ्यांच्या खुणेचा मसुदा काढला. तारे की इशारा, ह्यावर पुष्कळ वाद झाला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर तज्ज्ञ समितीने तीन महिन्यांत शिफारशी द्याव्यात असे सांगितले. तो वाद मोठ्या लोकांचा आहे असे समजून आपण गप्प बसू नये, असे मला वाटते. पाकीट उघडणारे हात आपले आहेत.

आता मी जरा अप्रिय बोलणार आहे, तेव्हा आधीच क्षमा मागते. कारखानदारांच्या पाकिटांविषयी बोलणे सोपे. पण मैत्रिणींनो, आपणही पाकीटवाल्याच आहोत. आपले पापड, आपले लोणचे, आपला चिवडा पाकिटांतून जातो. दिवाळीची आपली विक्री ह्या गावाला ठाऊक आहे, आणि कित्येक घरांची फी, औषधे तीवर निघतात. उद्या काळा अष्टकोन आला तर आपल्या पापडावर तो येईल काय? शंभर ग्रॅमचा हिशेब धरला तर येण्याचीच शक्यता अधिक. पापडात मीठ असते, पापडखार असतो, आणि खारातही सोडियमच. लोणच्याचे तर बोलावयासच नको.

आपण म्हणाल, शंभर ग्रॅम पापड कोण खातो? एक-दोन पापड खातो माणूस! बरोबर आहे, आणि हा प्रश्न जगालाही पडला आहे. फ्रान्सच्या अक्षरांना इटलीने विरोध केला तो ह्याच कारणाने: आमचे ऑलिव्ह तेल, आमचे चीज माणूस चमचाभर खातो, त्याला शंभर ग्रॅमच्या मापाने का मोजता? ह्यात तथ्य आहे. पण दुसरी बाजू अशी की, 'एका वेळी किती' हे ठरविणे पाकीटवाल्याच्या हाती दिले तर तो 'दोन बिस्किटे' असे लिहून मोकळा होतो, आणि पुडा तर एका चहाला संपतो. म्हणून मापाचा वाद सोपा नाही. मला त्याचा निवाडा करता येत नाही. पण आपल्या पापडाला इटलीचा न्याय आणि त्यांच्या बिस्किटाला चिलीचा न्याय, असे मात्र आपल्याला म्हणता येणार नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. येत्या दिवाळीच्या विक्रीत आपण आपलाच एक लहानसा प्रयोग करावा. पापडाच्या पाकिटावर, पुढच्या बाजूला, मोठ्या मराठी अक्षरांत 'मीठ जास्त. रक्तदाब असल्यास जपून' अशी पट्टी लावावी. शेजारी कमी मिठाचे, कमी खाराचे पापड बिनपट्टीचे ठेवावेत. काही दिवस पट्टी, काही दिवस बिनपट्टी. पण पहिला आठवडा एक आणि दुसरा आठवडा दुसरे असे करून चालणार नाही. दिवाळी जवळ आली की विक्री आपोआप वाढते, आणि आपण ते पट्टीच्या माथी किंवा पदरी घालू. रोज सकाळी चिठ्ठी काढावी आणि त्या दिवशी तसे करावे. कोणाला काही विचारावयाचे नाही. संध्याकाळी कोणती पाकिटे किती गेली तेवढे वहीत लिहावयाचे. वहीचे काम मी करीन.

विक्री घटली तर? हा प्रश्न आपल्या मनात आला आहे, मला तो पहिल्या रांगेतल्या चेहऱ्यांवर दिसतो. लाटणाऱ्या बहिणींच्या पोटावर पाय देऊन मला शहाणपण मिरवावयाचे नाही. म्हणून दुसरी सूचना: त्या दिवसांत मजुरीत जी तूट येईल ती वर्धापनदिनाच्या शिलकीतून भरून द्यावी. आणि कदाचित कमी मिठाचा पापड अधिक खपेल! ते मला आज सांगता येत नाही. सांगता आले असते तर प्रयोगाची गरज काय होती?

काल संध्याकाळी मी हे भाषण जावेला वाचून दाखविले. मला भीती होती की, तिने इतकी वर्षे लाटलेल्या पापडावर अशी पट्टी लावावयाची म्हटल्यावर तिला वाईट वाटेल. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लावा, वहिनी. पण पुढंच लावा, आणि अक्षरं मोठी काढा. एका हातानं पुडा उलटवून भिंग धरता येत नाही मला."

आपल्या कार्यकारिणीने ह्या प्रस्तावाचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.  मंडळाला पुढील वर्ष सुखाचे आणि आरोग्याचे जावो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.